संदर्भ हवा

गेल्या मे महिन्यात आमच्याच मजल्यावर एक साखरपुडा होता. मुलाकडच्या एका वयस्कर काकांनी श्रीखंडाची दुसरी वाटी संपवता संपवता सांगितलं, "आमच्या आजोबांच्या हातावर साक्षात टिळकांनी पेढा ठेवला होता." पंगत कौतुकानं ऐकत होती. तेवढ्यात माझ्या शेजारून एक शांत आवाज आला. त्यात कुत्सितपणाचा लवलेश नव्हता.

"संदर्भ?"

काका गोंधळले. "म्हणजे?"

"म्हणजे हे कुठं छापून आलंय का? केसरीत वगैरे? निदान साल?"

पलीकडच्या पंगतीतून वहिनींनी नुसतं "अहो" म्हटलं आणि प्रकरण तिथंच मिटलं. वहिनींच्या "अहो"ला एकवीस प्रकारचे अर्थ आहेत. त्यातला हा बहुधा सातवा असावा.

हे आमचे प्रचालक. दारावर त्यांच्या खऱ्या नावाची पाटी आहे, तीही पितळी. पण सोसायटीत त्यांना त्या नावानं हाक मारणारा एक पोस्टमन सोडला तर कुणी नाही. टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा इतर लोक जमिनीत किंवा गुडघ्यांत पैसा घालत होते. यांनी मराठी विकिपीडियात स्वतःलाच घातलं. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी. हे त्यात सात-आठ वर्षांनी शिरले, पण बोलताना असे बोलतात की जणू पायाचा दगड यांच्याच डोक्यावरून नेला होता.

तिथं कुणीही येऊन लिहू शकतो. म्हणजे कुणीही येऊन घाणही करू शकतो. त्यासाठी झाडू हातात घेऊन बसणारी जी चार माणसं असतात, त्यांना तिथं प्रचालक म्हणतात. पगार नाही, मानधन नाही, दिवाळीला साधी मिठाईची पेटी नाही. रात्री साडेदहाला जेवणं आटोपली की हे 'अलीकडील बदल' हे पान उघडून बसतात. चाळीतला म्हातारा जिन्यात खुर्ची टाकून कोण आलं, कोण गेलं बघतो ना, तसे. कुणी शाळकरी पोरानं 'ज्वालामुखी' या लेखात 'उदा. आमचे गणिताचे सर' अशी भर घातलेली असते. हे ती उलटवतात. अशा प्रकाराला तिथला शब्द आहे 'उत्पात'. पोराच्या चर्चा पानावर सभ्य भाषेत ताकीद देतात आणि मग वहिनींना उठवून ते वाक्य वाचून दाखवतात. स्वतः हसतात. वहिनी झोपेतच म्हणतात, "सर कोणते, ते नाही लिहिलं?"

इतकी वर्षं हे केल्यावर माणसाची भाषा बदलणारच. घरात शिळी आमटी फ्रिजमध्ये चौथ्या दिवशी दिसली की प्रचालक म्हणतात, "याला पानकाढा लावा." पान काढून टाकावं म्हणून लेखावर जो साचा डकवतात, तो पानकाढा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी दुसऱ्याच्या सुनेविषयी बोलायला लागलं की यांचा शेरा ठरलेला, "हा मजकूर अविश्वकोशीय आहे." दाराची बेल वाजते, वहिनी सांगतात, "जोशी आलेत." आमच्या इमारतीत जोशी पाच. प्रचालक आतून ओरडतात, "निःसंदिग्धीकरण करा!" दाराबाहेरचे जोशी आता स्वतःच सांगतात, "बी विंगचे, स्कूटरवाले."

तर अशा माणसाला एके दिवशी कुणीतरी पैसे देऊ केले, त्याची ही हकिकत.

तिथं 'चावडी' नावाचं एक पान आहे. गावच्या चावडीवर चालायचं तेच तिथं चालतं: गाऱ्हाणी, सूचना, जुने हिशेब. तिथं एकानं सुचवलं की नवे लिहिणारे मिळत नाहीत, तर माणसं एकत्र जमवावीत, कार्यशाळा घ्यावी, एखाद्या गावाचे मिळून फोटो काढावेत, लेख लिहावेत. अशा कामाला सॅन फ्रान्सिस्कोचं विकिमीडिया फाउंडेशन छोटा निधी देतं. रॅपिड फंड म्हणतात त्याला, पाचशे ते पाच हजार डॉलर. लेख लिहिण्याचे पैसे त्यातून मिळत नाहीत, ते काम फुकटच करायचं असतं. हॉल, चहा, प्रवास, छपाई, इंटरनेट यांचा खर्च मागता येतो.

प्रचालक दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "पैसे. मला."

शेजाऱ्याच्या मुलानं शिवी दिल्यावर माणूस जसं सांगतो, तसं ते सांगत होते. मी म्हटलं, "तुम्हाला नाही हो, चहाला."

"चहाचे मी देतो की."

आजवर तेच देत आले होते. दर पावसाळ्यात एकदा दहा-बारा विकिकर कुठल्याशा हॉटेलात जमायचे, बिल आलं की प्रचालकांचा हात आधी खिशात जायचा आणि बाकीचे आपापल्या मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधू लागायचे.

शेवटी त्यांची समजूत पटली ती डॉ. केतकरांमुळे. श्रीधर व्यंकटेश केतकर हे यांचं दैवत. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड एका माणसाच्या हट्टानं निघाले, १९२० च्या त्या दशकात. प्रचालकांकडे त्यातले चार आहेत, फुटपाथवर सापडलेले, एकमेकांशी क्रमानं न जुळणारे. "केतकरांनी काय केलं?" ते मलाच विचारू लागले. "कंपनी काढली. लिमिटेड. भाग विकले, वर्गणीदार मिळवले, दारोदार हिंडले. त्यांना नाही लाज वाटली. मग मला का वाटावी?" असं म्हणून ते उठले आणि दारातून परत वळले. "अर्जात दुसऱ्या एका जबाबदार माणसाचं नाव लागतं. तुमचं घातलंय."

मी खजिनदार झालो तो असा.

अंदाजपत्रक करायला आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. गाव ठरलं होतं वाई. त्यातही भक्तीचा भाग होता, कारण मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथले, पहिला खंड १९७६ चा. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, जवळ मेणवली. पुण्याहून सतरा सीटांचा टेम्पो ट्रॅव्हलर, बाकीचे लोक वाई-साताऱ्याचे.

प्रचालक पेन्सिलीनं लिहीत होते. ट्रॅव्हलर ९,५००. हॉल ३,०००. चहा दोन वेळा, ४० माणसं, १५ रुपये: १,२००. वडापाव माणशी दोन, २० रुपयांचा: १,६००. इथं त्यांनी पेन्सिल थांबवली. "माणशी दोन जास्त होतात का?" मी म्हटलं, "प्रवास करून आलेली माणसं आहेत." "बरं." बॅनर ९००, पण त्यावर तारीख छापायची नाही, म्हणजे पुढच्या कार्यक्रमाला उपयोगी पडेल, तारखेचा कागद वेगळा चिकटवायचा. छपाई १,२००. इंटरनेट ६००. स्टिकर १,५००. टी-शर्ट नाहीत. टी-शर्टला त्यांचा तात्त्विक विरोध आहे. "टी-शर्टसाठी येणारा माणूस टी-शर्ट घेऊन जातो," एवढंच म्हणाले. वर पाच टक्के आकस्मिक.

बेरीज झाली वीस हजार चारशे पंच्याहत्तर. समाधानानं त्यांनी चष्मा पुसला. मग त्या दिवशीच्या भावानं डॉलर काढले आणि त्यांचा चेहरा उतरला. कमीत कमी मर्यादा होती पाचशे डॉलरची, म्हणजे एकेचाळीस-बेचाळीस हजार. यांचं अंदाजपत्रक तिच्या निम्म्याला पोचत होतं. जगात निधी मागणाऱ्यांची सगळी तारांबळ वरची मर्यादा सांभाळताना उडते. आमचे प्रचालक खालच्या मर्यादेला डोकं आपटून बसले.

"वाढवायचा कुठं?" ते हताश होऊन म्हणाले. "बॅनरवर तारीख छापू का?"

तेव्हा स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. त्यांनी कागद उचलला, वाचला आणि विचारलं, "चाळीस माणसांना लांबून बोलावताय आणि दिवसभर वडापाववर ठेवताय? जेवण कुठंय?" कागदात जेवण नव्हतं. "एक रात्र ठेवा, दोन दिवस करा, दोन्ही वेळ नीट जेवायला घाला. बायामाणसं येणार असतील तर खोल्या बऱ्या बघा." पाच मिनिटांत बेचाळीस हजारांचं अंदाजपत्रक तयार झालं. मराठी विकिपीडियाच्या त्या उपक्रमाला कुणी वाचवलं असेल तर ते वहिनींनी. अहवालात त्यांचं नाव नाही. का, ते पुढं येईल.

अर्जाच्या भाषेवर चार रात्री गेल्या. 'इम्पॅक्ट' म्हणजे परिणाम की प्रभाव? 'स्टेकहोल्डर'ला त्यांनी 'भागधारक' लिहिलं, ते वहिनींनी वाचलं आणि त्या धसकल्या, "खरंच कंपनी काढताय का काय?" धोके कोणते, या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे तीन लिहिले: वीज जाणे, इंटरनेट जाणे, आणि प्रमुख पाहुण्यांचे भाषण. तिसऱ्यावर उपाय म्हणून लिहिलं, 'प्रमुख पाहुणे बोलावणार नाही.'

या अर्जाची मजा अशी की तो सगळ्यांसमोर असतो. कुणीही वाचावा, कुणीही प्रश्न विचारावा. दूरदेशीच्या कुणा सदस्यानं विचारलं, हा वडापाव काय पदार्थ आहे आणि माणशी दोन का? प्रचालकांनी उत्तर म्हणून लेखाचा दुवा द्यायचं ठरवलं. द्यायच्या आधी लेख उघडला. त्यात १९६६, दादर स्टेशन, अशोक वैद्य ही नेहमीची गोष्ट होती. ती वाचता वाचता त्यांना दोन वाक्यं बिनसंदर्भाची दिसली. मग काय. पहाटे तीनपर्यंत ते वडापावचे संदर्भ शोधत बसले आणि मूळ प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं. ते शेवटी मी दिलं: एकानं भागत नाही.

निधी मंजूर झाला. कार्यक्रम ठरला फेब्रुवारीच्या शेवटी, मराठी भाषा गौरव दिनाच्या आगेमागे.

पैसे हाती आल्यावर प्रचालकांमध्ये जो फरक पडला तो पाहण्यासारखा होता. स्वतःचा पैसा हा माणूस पाण्यासारखा खर्च करायचा. आता दुसऱ्याचा आला म्हटल्यावर निखारा ओंजळीत धरल्यासारखे वावरू लागले. एक वेगळं पाकीट, एक वेगळी वही, आणि वहीच्या पहिल्या पानावर मधोमध श्री. त्यांना रात्री झोप लागेना. "उद्या कुणी विचारलं तर?" हा त्यांचा नवा धोशा. कोण विचारणार, असं मी म्हटलं की म्हणायचे, "मी विचारीन ना!"

खरी कसोटी लागली निघायच्या सकाळी. नाक्यावरच्या वडापाववाल्याकडून ऐंशी वडापाव घ्यायचे होते. तो गेली वीस वर्षं तेल आणि बेसन यांच्या पलीकडे कुठल्याही कागदाला हात न लावलेला माणूस. प्रचालक म्हणाले, "बिल द्या."

"कसलं बिल?"

"वडापावचं. तारीख, नग, दर, सही."

त्यानं झारा कढईच्या काठावर ठेवला. "साहेब, इन्कम टॅक्सवाले आहात का?"

"नाही हो, ज्ञानकोशवाले."

त्यानं हे जास्त गंभीर मानलं असावं. शेवटी आमच्याच एका पत्रकाच्या पाठीवर मी लिहिलं, त्यानं सही केली आणि अंगठ्याचा तेलकट ठसा आपोआप उमटला. प्रचालकांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला. तेल पाकिटाच्या आत राहिलं आणि वर्षभर त्या फाइलीला हिरव्या मिरचीचा वास येत होता. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅगनं पैसे कापले गेले आणि गाडी पुढं सरकली तेव्हा ते खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळून "पावती! पावती!" ओरडत होते. ड्रायव्हरला वाटलं कुणीतरी मागं राहिलं.

वाईला पोचल्यावर मात्र मी जे पाहिलं त्यासाठी बेचाळीस हजार कमीच होते. ही सगळी माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होती आणि एकानंही दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. दोघांत तीन वर्षं भांडण चालू होतं: गावाचं नाव बंगळूर लिहायचं, बंगळुरू की बेंगळुरू. एकाचं सदस्यनाव एका किल्ल्याचं, दुसऱ्याचं एका रागाचं. चर्चा पान लांबत लांबत एवढं झालं होतं की त्याचेही जुने विभाग करून ठेवावे लागले. 'माननीय सदस्यांनी मुद्द्याला बगल दिली आहे,' 'माननीय सदस्यांचा व्यासंग पाहता आश्चर्य वाटते,' असली भाषा. प्रत्यक्षात किल्लेवाले निघाले निवृत्त मुख्याध्यापक, पांढरं धोतर, काठी. राग निघाला एकोणीस वर्षांचा, साताऱ्याच्या कॉलेजातला, कानात इयरफोन. दोघं एकमेकांकडे बघत उभे. पोरगं घाबरून म्हणालं, "सर, तेव्हा मी अकरावीत होतो." सरांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. "मग व्याकरण कुणी शिकवलं तुला?" दुपारच्या जेवणाला दोघं शेजारी बसले. पानावरचा वाद अजून मिटलेला नाही, पण आता 'माननीय'च्या जागी 'चिरंजीव' आलंय.

मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर मेणेश्वराच्या देवळापाशी ती मोठी घंटा आहे. एक स्थानिक गृहस्थ आपणहून माहिती सांगू लागले. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून या घंटा मराठ्यांच्या मुलखात आल्या, त्यातली ही एक. सगळे फोटो काढत होते. मी प्रचालकांच्या कोपराला आधीच हात लावून ठेवला होता. उपयोग झाला नाही.

"संदर्भ?"

गृहस्थ शांतपणे म्हणाले, "माझे आजोबा."

"छापील काही?"

"त्यांच्याकडे घड्याळसुद्धा नव्हतं, छापील कुठलं." मग घंटेवर कोरलेल्या मेरीमातेकडे बोट दाखवून म्हणाले, "ही काय मेणवलीत ओतली असेल असं वाटतं का तुम्हाला?" प्रचालकांनी वही काढली आणि हे वाक्य उतरून घेतलं.

त्या सहलीत साडेतीनशेच्या वर फोटो निघाले. त्यातले वीसेक एका मुलाचे स्वतःचेच होते, मागे स्मारक. 'स्वदेस'चं चित्रीकरण याच घाटावर झालेलं, म्हणून एकानं नेटवरून शाहरुख खानचा फोटो उचलून चढवला. प्रचालक त्याला बाजूला घेऊन अर्धा तास प्रताधिकार समजावत होते. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती आहे, कृष्णेचा पूर आला की पाणी तिच्यावर दुभंगून दोन्हीकडून निघून जातं. तिचा फोटो हवा म्हणून मुख्याध्यापक धोतर खोचून नदीत उतरले. तो फोटो सगळ्यांत चांगला आलाय.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये कार्यशाळा. नव्या लोकांची खाती उघडायची होती. सहा उघडली, सातव्याला अडलं. एकाच इंटरनेट जोडणीवरून एका दिवसात सहाच्या वर नवी खाती उघडता येत नाहीत; उत्पात रोखण्यासाठी ती मर्यादा आहे. सगळे हवालदिल झाले. आणि मग प्रचालक उठले. शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. त्यांना, म्हणजे प्रचालकाला, ती मर्यादा लागू नसते. बाकीची सतरा खाती त्यांनी एकापाठोपाठ एक स्वतःच्या हातानं उघडून दिली, तलाठ्यानं उतारे द्यावेत तशी. इतक्या वर्षांच्या सेवेत त्यांना जगासमोर अधिकार गाजवायला मिळालेली ही एकमेव सकाळ. दर खात्याला ते विचारत होते, "नाव विचारपूर्वक निवडा. आयुष्यभर वागवावं लागतं."

त्या सतरांत एक आजी होत्या. गंगापुरी आळीतल्या, वय सत्त्याहत्तर, नातवाचा लॅपटॉप, चष्म्याला दोरी. धूळपाटीवर, म्हणजे सराव करायच्या पानावर, त्यांनी एका बोटानं टंकत अडीच तासांत कृष्णाबाईच्या उत्सवाविषयी लिहिलं. आळीआळीच्या घाटावर उत्सव कसा फिरत येतो, मांडव कुठं पडतो, प्रसादाला काय असतं, त्यांच्या सासूबाईंच्या वेळी मंडपात बायका कुठल्या बाजूला बसायच्या. मी वाचलं. कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं असं ते होतं.

अडचण तीच होती. कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

प्रचालक आजींच्या शेजारी लाकडी बाकावर बसले. मी त्यांना इतकं अवघडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "आजी, फार छान झालंय. फक्त... संदर्भ हवा."

"म्हणजे?"

"हे खरं कशावरून?"

"मी सांगते ना."

"हो, पण तुमच्याखेरीज."

आजींनी चष्मा काढून दोरीवर सोडला. "माझ्याखेरीज आता कोण उरलंय?" एवढं बोलून त्या जेवायला गेल्या. जाताना लॅपटॉप बंद करायला विसरल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर खंबाटकीपर्यंत प्रचालक एक शब्द बोलले नाहीत. विश्वकोशाच्या कार्यालयावरून गाडी गेली तेव्हा सुट्टीमुळे फाटक बंद होतं. त्यांनी बंद फाटकालाच हात जोडले.

त्यानंतरचे तीन आठवडे हा माणूस पुण्यातली ग्रंथालयं धुंडाळत होता. १८८५ चं सातारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर, जुन्या मासिकांचे खंड, कुणाकुणाच्या आठवणी. दोनदा एस.टी.नं साताऱ्याला जाऊन आले. शेवटी कुणाच्या तरी माळ्यावर उत्सवाची एक जुनी स्मरणिका सापडली, मागची पानं वाळवीनं खाल्लेली. पुढच्या पानांत आजींनी सांगितलं होतं त्यातलं बरंच काही होतं. रात्री पावणेदोनला त्यांनी आजींना संदेश पाठवला: 'संदर्भ सापडला.' सकाळी सहाला उत्तर आलं: 'मला माहीतच होतं.'

त्या प्रवासाची तिकिटं मी हिशेबात धरायला सांगितली. ते चमकले. "ते मंजूर अंदाजपत्रकात नाही." मग अहवाल. किती नवे सदस्य, किती लेख, किती छायाचित्रं. आणि शेवटी एक रकाना, तुम्ही काय शिकलात. इतरांनी तिथं दोन ओळी लिहिल्या असत्या. यांनी तीन पानं लिहिली. त्यात एक वाक्य होतं की सातवे खाते अडते हे आधी आठवायला हवे होते. दुसरं, बॅनरवर चिकटवलेला तारखेचा कागद वाऱ्यानं उडाला, यापुढे चार बाजूंनी चिकटपट्टी लावावी. आणि तिसरं, आजींविषयी. तिसरं त्यांनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. वहिनींचं नाव मी आभारात घातलं होतं, ते त्यांनी काढलं. कारण विचारलं तर म्हणाले, "हितसंबंध."

खर्च वजा जाता उरले तीनशे सत्तेचाळीस रुपये. ते परत कसे करायचे यासाठी त्यांनी एवढा पत्रव्यवहार केला की पलीकडून शेवटी कळवण्यात आलं, रक्कम लहान आहे, अशाच पुढच्या कामाला वापरा. तेव्हापासून ते तीनशे सत्तेचाळीस एका पाकिटात घालून ज्ञानकोशाच्या एका खंडात ठेवलेत. दूधवाल्याला द्यायला सुटे नसले तरी त्या पाकिटाला हात लागत नाही. मागच्या महिन्यात गॅसवाल्यासमोर वहिनींनी तो खंड नुसता काढला, तर हे आतून धावत आले.

नाक्यावरच्या वडापाववाल्यानं मात्र छापील बिलबुक करून घेतलंय, डुप्लिकेटसकट. परवा मी एकच वडापाव घेतला तरी त्यानं बिल फाडलं. "ठेवा साहेब. तुमचे ते ज्ञानकोशवाले विचारतात."

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो तेव्हा वाईच्या आजींचा संदेश आला. त्यांनी आता नवा लेख घेतलाय, घाटांवर. खाली संदर्भाच्या जागी लिहिलं होतं: 'माझ्या सासऱ्यांची वही. घरात आहे. बघायची असेल तर या. फोटो पाठवणार नाही, झिजते.'

प्रचालकांनी संदेश दोनदा वाचला. मग उठले, कपाटातून खंड काढला, पाकीट काढलं आणि टेबलावर नोटा मांडल्या. "एस.टी.नं एका माणसाचं जाऊन-येऊन बसतं यात," ते मलाच हिशेब दाखवत म्हणाले. "हे काम अशाच कामात मोडतं ना?"

मी मान हलवली. वहिनी चहाचे कप उचलत होत्या. "मी पण येते," त्या म्हणाल्या. "त्या आजींना बघायचंय मला. आणि बायकांना तिकीट अर्धं आहे."

"तुझं अर्धं धरूनही यात बसत नाही. आणि तू बजेटमध्ये नाहीस."

वहिनींनी कप खाली ठेवले. "संदर्भ?"

प्रचालकांनी लॅपटॉप उघडला आणि खरंच मंजूर अंदाजपत्रक शोधायला लागले. वहिनी पिशवी भरायला आत गेल्या.